लाल ट्रेमधलं ‘अर्जंट’

“चौधरी, मेरा पोटॅशियम कहाँ है?”

सिंधीपुरा भागातले एक जुने डॉक्टर फोनवर होते. सॅम्पल पाठवून बराच वेळ झाला, चिठ्ठीवर ‘अर्जंट’ लिहिलंय, असं त्यांचं म्हणणं. मी लाल ट्रेकडे पाहिलं. तो काठोकाठ भरला होता.

आमच्या गावातल्या बुधवारा पेठेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी सीनियर टेक्निशियन आहे. रक्त तपासणं हे माझं काम. आमच्याकडे दोन ट्रे असतात. पांढऱ्यात साधी सॅम्पल, लालमध्ये अर्जंट. अर्जंट म्हणजे ज्याला उशीर झाला तर माणसाच्या जिवावर बेतेल असं. आधी लाल, मग पांढरं. ही पद्धत मी बसवली आणि कित्येक वर्षं ती नीट चालली.

मग काउंटरवर रूपाली आली. रक्त काढताना हात हलका आणि बोलणं मधाळ. लोक तिलाच गळ घालत.

“ताई, जरा अर्जंट करून द्या ना, खंडव्याची गाडी पकडायची हाये.”

“ताई, जावईबापू घरी थांबले हायेत, अर्जंट लिहून टाका.”

ताई हसून लिहून टाकायची. मी मात्र विचारायचो, “अर्जंट कशासाठी?” की लोकांची तोंडं वाकडी. मग आमच्या लॅबच्या मालकीण असलेल्या डॉक्टर मॅडमकडे तक्रार जायची आणि मॅडम मला म्हणायच्या, “भाऊ, रूपालीकडून जरा बोलणं शिका.”

हे मला फार झोंबायचं. या लॅबमध्ये माझे केस पिकले, आणि लोक दारातूनच विचारत, “रूपालीताई हायेत का?” नसली तर म्हणत, “मग संध्याकाळी येतो.” मी समोर सुई घेऊन उभाच असायचो. मला तिचा हेवा वाटायचा, सरळ सांगतो. तिच्या डब्यातल्या भाजीला कोणी छान म्हटलं तरी माझा घास अडकायचा.

हळूहळू लाल ट्रे तुडुंब भरू लागला आणि पांढरा ओस पडला. पांढऱ्यात मी माझा चष्मा ठेवू लागलो. मॅडमना मी सांगून पाहिलं, की सगळंच अर्जंट असेल तर अर्जंट काहीच नाही. लिहिण्याआधी कारण विचारा आणि तेही चिठ्ठीवर लिहा. त्यांना वाटलं, भाऊ जळतात. जळत होतोच, पण म्हणून माझं म्हणणं खोटं ठरत नव्हतं.

सिंधीपुऱ्याचे, फोनवर असलेले हे डॉक्टर ‘अर्जंट’ हा शब्द क्वचित लिहीत. पूर्वी त्यांच्या चिठ्ठीवर तो दिसला की मी हातातला चहा ठेवून उठायचो. आता तोच शब्द गाडी पकडणाऱ्यांच्या आणि जावईबापूंच्या ढिगात पडला होता. मी ट्रे उपसला. कोणाचं थायरॉइड, लग्नाला निघालेल्या कोणाची शुगर, आणि अगदी खाली ती ट्यूब.

पोटॅशियम हा रक्तातला एक क्षार. जास्तीचा असेल तो किडनी बाहेर टाकते. किडनी थकली की तो साचतो, आणि फार साचला तर हृदय बंद पडू शकतं. केळ्यात तो भरपूर असतो. त्यामुळे आमच्या या केळीच्या मुलखात किडनीच्या पेशंटला पथ्य पाळणं महाकठीण. मी रक्त मशीनमध्ये फिरवून वरचं पाणी वेगळं केलं आणि तपासायला लावलं. आकडा पाहून पुन्हा एकदा लावलं. आकडा तोच आला. डॉक्टरांना फोनवर सांगितला. “इंजेक्शन देता हूँ, रिपोर्ट भेज,” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

चिठ्ठीवरचं पेशंटचं गाव वाचून मी बाहेर येऊन ओरडलो, “जैनाबादवाले कोण आहेत?”

पंख्याखालच्या बाकावरून एक काकू दचकून उठल्या. पेशंटची बायको. ट्यूब त्यांनीच आणून दिली होती आणि तेव्हापासून तिथेच बसून होत्या.

“काकू, इतका वेळ बसून राहिलात, एकदा विचारायचं तरी.” माझा आवाज चढलेलाच होता.

“डॉक्टरसाहेबांनी अर्जंट लिहेल होतं ना, भाऊ. मंग मी कशाला इचारू? तुम्ही करतच असाल.”

त्या अख्ख्या हॉलमध्ये त्या शब्दावर विश्वास असलेल्या त्या एकट्याच होत्या. रूपाली काउंटरमागून आली, तिने काकूंचा हात धरला, पाणी पाजलं, रिपोर्ट घेतला आणि त्यांच्यासोबत रिक्षात बसून दवाखान्यापर्यंत गेली.

काका वाचले. पुढे मोठ्या हॉस्पिटलात त्यांचं डायलिसिस झालं, म्हणजे किडनीचं काम मशीनने केलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. मी तोंड उघडण्याआधी रूपालीच म्हणाली, “मॅडम, भाऊ बरोबर सांगत होते. कारण विचारायलाच पाहिजे.” मला आनंद व्हायला हवा होता. पण माझी बाजूही हिनेच मांडावी, याचा मला राग आला.

त्या दिवसापासून ती विचारू लागली, “दादा, अर्जंट कशासाठी? सांगा ना, लिहून ठेवते.” प्रश्न माझाच. पण लोक हसून म्हणत, “तसं काही नाही ताई, उद्या दिला तरी चालंल.” लाल ट्रे रोडावला, पांढरा भरू लागला. माझा चष्मा पुन्हा नाकावर आला. मॅडमनी कारण लिहिण्याची पाटी लावली, आणि सगळा स्टाफ त्या पाटीला ‘रूपालीताईंचा नियम’ म्हणू लागला. सिंधीपुऱ्याच्या डॉक्टरांचाही फोन आला. “रूपालीने बढ़िया सिस्टम बनाया, चौधरी.” मी म्हणालो, “जी सर.”

पुढे एकदा काकू आल्या. पिशवीत घरच्या बागेतल्या केळीच्या फण्या होत्या. त्या सरळ रूपालीकडे गेल्या. मी काचेमागे ट्यूब लावत असल्याचं दाखवत राहिलो.

“ताई, त्या दिवशी ते वरडणारे भाऊ होते ना, त्यांना पण द्या दोन.”

“काकू, त्या भाऊंनीच तर तुमचं सॅम्पल शोधून काढलं,” रूपाली म्हणाली.

काकूंनी काचेतून माझ्याकडे नीट पाहिलं.

“हो का? मंग असे वरडता कायले?”

मी काचेमागून बाहेर येऊन दोन केळी घेतली. केळी गोड होती. या सगळ्यातून मी शिकलो ते एवढंच, की ‘अर्जंट कशासाठी?’ हे जरूर विचारावं, पण आवाज खाली ठेवून विचारावं. नाहीतर प्रश्न आपला राहतो आणि केळी दुसऱ्याला मिळतात.