काकांनी बाबांना नवा रेडिओ दिला

आज सकाळी काका गेले.

माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. उगाच खोटं कशाला लिहू?

सत्तरच्या दशकात धरमपेठेत काकांचं रेडिओचं दुकान होतं. माझे बाबा त्यांचे सख्खे मोठे भाऊ. लकव्याने बाबांची उजवी बाजू गेलेली, दिवसभर खाटेवर. आई शाळेत शिकवायला, मी कॉलेजात.

उशाशी व्हॉल्व्हचा मोठा रेडिओ होता. त्याचं बटण वाटीएवढं. डाव्या तळव्याने ढकललं तरी फिरायचं.

पाणीसुद्धा आम्ही पाजायचो. पण स्टेशन बाबा स्वतः लावायचे. तेवढी एकच गोष्ट त्यांच्या हातात उरली होती.

एकदा रेडिओ घरघरायला लागला. काका दुरुस्तीला म्हणून घेऊन गेले आणि ट्रान्झिस्टर घेऊन आले.

"दादा, तो बाद झाला. त्याचे पार्ट येऊन नाही राहिले. हा एकदम लेटेस्ट आहे."

लेटेस्टला बाजूला इवलंसं चाक. एका हाताने सेट धरायचा, दुसऱ्याने चाक फिरवायचं.

बाबांना दुसरा हात नव्हता.

"मले माहा जुनाच आणून दे गा," बाबा म्हणाले.

काका हसले. म्हणाले, सवय होईल.

नाही झाली. आई सकाळी जे स्टेशन लावून जायची, तेच संध्याकाळपर्यंत. खरखर लागली तर खरखर. पुढच्या दिवाळीआधी बाबा गेले.

नंतर मी काकांच्या दुकानात गेले, तर बाबांच्या रेडिओचं रिकामं खोकं पालथं घालून त्यावर नवे ट्रान्झिस्टर मांडलेले. आतले व्हॉल्व्ह दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या सेटमध्ये मस्त चालतायत, हे काकांनीच मला कौतुकाने सांगितलं.

गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. म्हातारपणी जुन्या कॉम्प्युटरवर एका वेबसाइटवरची गाणी ऐकायचे. कुठे दाबायचं ते पाठ. त्या दिवशी गाण्यांच्या जागी पाटी आली होती: तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, अपडेट करा. आणि त्या डब्यावर नवा ब्राउझर चढत नव्हता.

"काहून वं असं? कालपर्यंत त चालू होतं. आता नवीन शिकणं माह्यानं नाही होत. जुनंच लावून दे न."

कॉम्प्युटरवाले म्हणतात, बदलायलाच लावलं पाहिजे, जुन्यातून चोर शिरतात. बरोबर असेल त्यांचं. पण समोरच्याला नवं झेपतं का, हे कोणी विचारायचं?

मीही नाही विचारलं. माझ्या भाच्याने काहीतरी जुगाड करून दिलं असतं. मी त्याला सांगितलंच नाही.

"काका, तो बाद झाला. लेटेस्ट घ्या. सवय होईल."

गाण्यांचा विषय सोडून काकांनी विचारलं,

"दादाले जमलंच नाही काय वं ते चाक?"

"शेवटपर्यंत नाही."

त्यांनी फोन ठेवला. मला बरं वाटलं. अजूनही वाटतं.

आज त्यांच्या खोलीत गेले होते. त्यांच्या मुलाने पाठवलेला नवा लॅपटॉप टेबलावर आहे. खोक्याची चिकटपट्टीही काढलेली नाही.

काका, श्रद्धांजली.

वर बाबा भेटतील. रेडिओ मागतील.