बीपी काढ्यानं वाढलं, बदनाम झाली हार्मोनची गोळी

मैत्रिणींनो, दुपारी लातूरच्या डॉक्टरीणबाईंकडून रेणापूरला परत आले, पण डोकं अजून तापलेलंच हाय.

पाळी गेल्यापासून घामानं माझी झोप उडाली होती. डॉक्टरीणबाईंनी हार्मोनची गोळी दिली आणि दिवस सुधारले. बीपीची गोळी आधीपासून चालूच होती. तरी दोन महिन्यांत बीपी वाढलं. माझ्या थोरल्या नणंदबाई, आमच्या आक्का, रोज मागं लागल्या, "त्या हार्मोनच्या गोळ्या फेकून दे, जीव जाईल तुझा." घाबरून मी त्या बंद केल्या. तीन आठवडे वर्गात पोरींसमोर घामानं भिजत शिकवलं.

आज तपासणीला आक्का सोबत आल्या. बीपी चढलेलंच निघालं. हार्मोनची गोळी सोडल्याचं मी सांगून टाकलं.

"हार्मोन बंद आहे, तर बीपी उतरलं का नाही? आणखी काय घेता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आक्का तीन महिन्यांपासून रोज ज्येष्ठमधाचा काढा देतात, दोन येळा," मी म्हणाले.

"ज्येष्ठमधानं बीपी वाढतं. आजपासून बंद. बीपी उतरलं की हार्मोनचं पुन्हा बघू."

आक्का उसळल्या, "झाडपाल्यानं कुठं काय होतंय? ह्या डॉक्टर लोकांना काय कळतंय!"

मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आक्का, माझ्या जिवाशी तुमचे प्रयोग बास झाले."

बसमध्ये त्या माझ्यापासून लांबच्या सीटवर जाऊन बसल्या. त्या ह्या ग्रुपवर हायेत. वाचू द्या.

माझाही मला राग येतो. डॉक्टरांनी दिलेलं मी न विचारता सोडलं, घरचं न विचारता पीत राहिले. तुमच्यापैकी किती जणींनी असं केलंय, खरं सांगा?