हरिचंद्र पेंटरची सुजाता

...तर मग विहार कमिटीचा कोंडाजी चित्रापुढं उभा राहून म्हणाला, “हरिचंद्र, सिद्धार्थाला खीर देणारी सुजाता काढायला सांगितली, तू घरवालीच आणून बसवलीस!”

“मग काय शेजारीण बसवू?” हरिचंद्र म्हणाला. अख्खं कुळगाव हसलं. त्याची भागीरथी तोंडाला पदर लावून पळाली.

तोवर विहारांतल्या सुजाता म्हणजे कॅलेंडरातल्या गोऱ्या राण्या. ह्याची सावळी, कपाळावर घाम, बोटाला चुलीचा चटका. कंपनीत ड्रम रंगवणारा आमचा हा गडी, पण पार उल्हासनगर कॅम्पापर्यंतचे पेंटर त्याला गुरुजी म्हणायला लागले!

मग भागीरथी गेली. पुढं दोन हजार पाचच्या पुरात नदी त्याच्या घरात शिरली, तिच्या सगळ्या फोटोंचा लगदा झाला. चिखल तुडवत आम्ही विहारात गेलो. पाणी सुजाताच्या हातातल्या वाटीपर्यंत चढलेलं, चेहरा कोरडा. “दादा, वाचली!” हरिचंद्र असा ओरडला म्हणता! मग रोज संध्याकाळी भिंतीसमोर बसायचा.

बुद्ध पौर्णिमेआधी विहार रंगवायचा आमचा रिवाज. पुढच्या वर्षी तो मुलाकडे नाशिकला, मी मोतीबिंदूची पट्टी बांधून घरात. सुजाताच्या भिंतीनं ओल धरलेली. वस्तीतल्या पोरांनी मायेनं खरवडून पांढरीशुभ्र केली. म्हणाली, “गुरुजी आले की याच्याहून भारी काढतील.”

आला. पोरांवर रागावला नाही. ब्रश घेतला. हात उतरले, वाटी उतरली, लुगडं उतरलं. चेहरा येईना. “डोळे मिटले की दिसते दादा, उघडले की जाते.”

मला आठवलं, अंबरनाथच्या जनू पेंटरनं त्याच्या विहारात हीच सुजाता उतरवलीय. म्हटलं, चल, तिथं सापडेल. वाटभर गडी लहान पोरासारखा खूश.

तीच वाटी, तोच चटका. चेहरा मात्र गोल, हनुवटीवर गोंदण.

जनू छाती फुगवून म्हणाला, “गुरुजी, तुम्हीच शिकवलंत ना, नक्कल करू नका, आपल्या घरातलीला बघून काढा? ही आमची चांगुणा.” हरिचंद्र त्या गोंदणाकडंच बघत राहिला, तसा जनू बावरला. “चुकलं का काही?”

हरिचंद्रनं चित्रावरून हात फिरवला. म्हणाला, “काही चुकलं नाही, जनू. हुबेहूब उतरलीय. फक्त भिंतीच्या भरवशावर राहू नकोस. तिचा एक फोटो काढ, आणि माळ्यावर ठेव.”