गणपत बायको सोडवायला जातो

"खर्रर्र... खट्!" व्हिडिओ कॅसेट गिळायचा, तो हा आवाज. ऐंशीच्या दशकात आम्ही हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतले चौघे लंडनमध्ये वेम्बलीला एका खोलीत राहायचो. तेव्हाचे किस्से म्हणजे मशीनमधल्या ओल्या चादरी. एक ओढली, की चार सोबत येतात!

*

आमच्याकडे कॅसेट एकच. वेस्टर्न पिक्चर. गुलामीतून सुटलेला काळा माणूस बंदूक घेऊन मालकाच्या हवेलीवर परत जातो, सूड घ्यायला आणि बायकोला सोडवायला. इंग्रजी कुणालाच धड येत नव्हतं. आमच्यातला बबन मोठ्यानं मराठीत सांगायचा. हीरो ओरडला, की बबन म्हणायचा, "वहिनींना मुकाट्यानं बाहेर पाठवा!"

*

एकदा बेसिंगस्टोकचे एक डॉक्टर आले होते. म्हणाले, "अहो बबनराव, तो घोड्याला पाणी मागतोय!"

"मागू दे. आधी बायको, मग घोडा!"

*

हीरो हवेलीच्या दाराशी पोचला, की गणपत उठून भांडी घासायला जायचा. त्याची बायको शेवंता लंडनमध्येच ईलिंगला, आपल्याकडच्याच एका श्रीमंत कुटुंबात कामाला होती. त्यांनीच मुंबईहून आणलेली. तिचा पासपोर्ट बाईसाहेबांच्या कपाटात. पगार नाही, सुट्टी नाही, एकटीनं बाहेर पडायचं नाही. रविवारी गणपतनं फाटकाशी उभं राहून चार शब्द बोलायचे, तेवढंच.

"बघ की जरा, शीक!" बबन चिडवायचा.

"त्याच्याकडे घोडा आहे. माझ्याकडे बसचा पास!"

आम्ही हसायचो. तो आत एकच ताट घासत राहायचा.

*

एका रविवारी गणपत लवकर परत आला. "आजपासून भेटणंही बंद, म्हणाल्या."

कुणालाच बसवेना. बबननं पिक्चर मध्येच थांबवला. "लॉन्ड्रीच्या व्हॅनची किल्ली कुणाकडे आहे?"

रस्ताभर गणपत घोकत होता, "माझ्या बायकोला सोडा. माझ्या बायकोला सोडा."

"आवाज चढव! पिक्चर बघितलायस ना?"

"शेवट नाही बघितला रे."

बेल वाजली. बाईसाहेबांनी दार उघडलं. आणि गणपतनं सवयीनं उंबऱ्याबाहेर बूट काढले!

"अरे, हीरो बूट काढतो का?" बबन व्हॅनमध्ये कळवळला.

"शेवंता पोळ्या करतेय," बाईसाहेब म्हणाल्या. "यायचं नाही, असं सांगितलं होतं ना?"

गणपतच्या तोंडून निघालं, "हो, बाईसाहेब."



तेवढ्यात मागून शेवंता आली. हाताला कणीक, पाय अनवाणी. तिनं एकदा बाईसाहेबांकडे पाहिलं. मग गणपतचे बूट पायांत घातले आणि फाटकाकडे चालू लागली.