सदर मुलगी नापास झालेली नाही, याबाबत

तक्रारदार : मी स्वतः. व्यवसाय अर्ज लिहिणे. बैठक शनवारा दरवाज्याजवळ, निंबाच्या सावलीत.

विरुद्ध : शनवाऱ्यातील ती सर्व मंडळी, जी चहा पिता पिता म्हणतात की, "ती मावशीकडची मुलगी एक वर्ष नापास झाली."

साक्षीदार : गोपाळ चहावाला, ज्याचा ठेला माझ्या टेबलाला लागून आहे, आणि मुलीची सख्खी मावशी.

घटनेचा काळ : मुलीच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षातला केळीकापणीचा हंगाम व त्यानंतरची परीक्षा.

मुलीचे नाव : देत नाही. मुलीचे नाव एकदा तक्रारीत आले की ते कुठकुठल्या तोंडातून कसे फिरेल याचा भरवसा नसतो, हे मी अनुभवाने जाणतो.

आता हकीकत सादर करतो.

"कशावरून, काका?" हे तिचे पालुपद होते. मूळ गाव चांदनी, घरी केळीचा मळा, आणि शिक्षणासाठी मुक्काम शनवाऱ्यात मावशीकडे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज लिहून घेण्यास ती प्रथम माझ्याकडे आली. मी शिरस्त्याप्रमाणे लिहिले, "अर्जदार अत्यंत गरीब व निराधार असून." तिने कागद फिरवून वाचला.

"निराधार कशावरून, काका? आई आहे, बाबा आहेत, मावशी तर जरा जास्तच आहे."

"बेटा, अर्जाची भाषा अशीच असते."

"मग साहेबांना खरे निराधार कसे ओळखू येणार?"

या व्यवसायात माझे केस पांढरे झाले, पण हा प्रश्न मला कोणत्याही साहेबाने विचारलेला नव्हता. मी तो शब्द खोडला. शिष्यवृत्ती तरीही मिळाली, ही बाब येथे नोंदवणे मला न्याय्य वाटते.

ती बायोमेडिकल सायन्सची पदवी घेत होती. हे प्रकरण काय आहे, हे आमच्या कोपऱ्यावर कोणालाच उमगत नव्हते. गोपाळने एकदा धीर करून विचारले, "मतलब, डॉक्टर होणार ना?"

"नाही, दादा."

"मग नर्स?"

"नाही."

"अरे, तो फिर सुई कौन लगाएगा?"

"सुई दुसरं कोणी लावेल. त्या सुईत जे येईल ते मी बघेन."

गोपाळच्या चेहऱ्यावर काही उजेड पडला नाही, तेव्हा मीच खुलासा केला. डॉक्टर म्हणजे वकील समजावा. तो बोलतो. परंतु पुरावा अस्सल की बनावट, हे ठरवणारा माणूस आत प्रयोगशाळेत, काचेच्या मागे बसलेला असतो. ही मुलगी तिथे बसणार आहे. त्यावर ती म्हणाली, "आमच्या सरांपेक्षा काकांनी सोपं सांगितलं." हे वाक्य गोपाळच्या समक्ष उच्चारले गेले आहे.

तरीही मोहल्ल्यातले लोक आपापले रिपोर्ट घेऊन तिला वाटेत गाठत. ती उभ्या उभ्या वाची आणि सांगे, "हे डॉक्टरांना दाखवा. माझं अर्धं शिकून झालंय, अर्ध्या शिकलेल्याचं ऐकू नका." एवढे स्पष्ट बोलूनही लोक तिच्यावर रागावत नसत. ती रिपोर्ट परत देताना नीट घडी घालून, दोन्ही हातांनी देई, म्हणून असेल.

माझ्या बाबतीत मात्र तिने स्वतःहून दखल घेतली. माझ्या टेबलावर दुपारी मावा जिलेबीचा द्रोण असे. एके दिवशी ती समोर बसून मला न्याहाळू लागली.

"काका, तुम्ही सारखा तांब्या उचलता. शुगर तपासून घ्या."

"कशावरून?" या वेळी मी विचारले.

"कशावरून ते रिपोर्ट सांगेल. मी कोण सांगणारी?"

रिपोर्टने सांगितले. मी तो तिच्यापुढे ठेवला, तेव्हा "मी म्हटलं नव्हतं का" असे ती म्हणाली नाही. तिने जिलेबीचा द्रोण आपल्याकडे ओढला, शांतपणे संपवला, बोटे पुसली आणि म्हणाली, "आता रोज येऊन एवढं काम मी करत जाईन." काही दिवस तिने ते इमानेइतबारे केले. पुढे गोपाळने द्रोण आणणेच बंद केले.

आता मुख्य मुद्दा.

शेवटच्या वर्षी तिचे वडील पाटाच्या काठावरून घसरले आणि त्यांचा पाय मोडला. मळ्यात घड तयार होते, आणि तयार घड कोणाचे प्लास्टर निघण्याची वाट पाहत नाही. आई वडिलांपाशी बसली. मजूर, व्यापारी आणि ट्रक यांच्यापुढे उभे राहण्यास घरात ही थोरलीच होती. ती चांदनीला गेली, कापणी उरकली आणि परत आली, तेव्हा हजेरी कमी पडली होती. कॉलेजात सांगण्यात आले की, विद्यार्थी स्वतः आजारी असेल तरच सूट मिळते. तसा दाखला आणावा, नाहीतर परीक्षेस बसता येणार नाही.

मावशी तिला माझ्याकडे घेऊन आली.

"भाऊ, सांगा हिला काही. एका कागदासाठी वर्ष घालवू राहिली ही पोरगी!"

मी माझ्या व्यवसायाला अनुसरून सल्ला दिला. टायफॉइडचा दाखला आणावा. टायफॉइडला कोणी उलट विचारत नाही. दाखला कुठे मिळेल तेही सांगितले. तो सल्ला व्यवहाराला धरून होता, असे माझे आजही मत आहे.

ती म्हणाली, "काका, टायफॉइड झाला की रक्तात काय सापडतं, ते आम्ही याच वर्षी शिकलो. प्रॅक्टिकलला आपलंच रक्त घेतो. माझ्यात ते नाही."

"कॉलेज कुठे तुझं रक्त तपासणार आहे?"

"मी तपासलंय ना."

मावशी कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, सगळे आणतात!"

"सगळ्यांना काचेच्या मागे बसायचं नाहीये, मावशी. मला बसायचंय."

मग मी तिने सांगितले तसे लिहिले. वडिलांचा पाय मोडला होता. केळीची कापणी मी पाहिली. मी आजारी नव्हते. परीक्षेस बसू द्यावे, ही विनंती. मला त्यात बरेच काही घालावयाचे होते; तिने "सविनय" तेवढे राहू दिले. असा उघडाबोडका अर्ज माझ्या हातून ना पूर्वी गेला, ना पुढे जाईल. तो अर्ज नामंजूर झाला.

निकालाच्या दिवशी तिच्या वर्गातल्या मुली पेढे घेऊन शनवारा दरवाज्यापाशी फोटो काढायला आल्या. सगळ्यांचे फोन तिच्या हातात होते. ती मागे सरकून, मान वाकडी करून, "जरा हसा गं" म्हणत एकेकीच्या फोनवर फोटो काढत होती. शेवटचा फोन परत दिला, पेढा खाल्ला आणि मैत्रिणी गेल्यावर माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर रस्त्याकडे पाठ करून बसून राहिली. गोपाळने न मागता चहा ठेवला. तो थंड झाला.

पुढच्या वर्षी ती त्याच वर्गात पुन्हा गेली. गोपाळ चिडवी, "मॅडम, फिर वही क्लास?"

"हो दादा, बाकडं ओळखीचं झालंय, सोडवत नाही."

मोहल्ला मात्र 'नापास' म्हणू लागला. "तू सांगत का नाहीस?" असे मी विचारले. "कोणाकोणाला सांगू, काका? अभ्यास पडलाय," एवढेच तिचे उत्तर होते. ती उत्तम गुणांनी पास झाली. आता इंदूरला एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आहे. माझ्या समोरचे स्टूल गोपाळने गिऱ्हाइकांसाठी नेले आहे. मी ते परत मागितलेले नाही.

ती गेली, पण तो शब्द येथेच राहिला. परवाच गोपाळच्या बाकावर कोणीतरी म्हणाले, "हुशार होती, पर एक साल फेल है." म्हणून ही तक्रार.

सबब मागणी अशी की, सदर मुलीच्या संदर्भात 'नापास' हा शब्द आजपासून रद्द समजावा. दिवाळीला ती इंदूरच्या बसमधून उतरून याच रस्त्याने मावशीकडे जाईल. ज्यांनी ज्यांनी तो शब्द वापरला, त्यांनी त्या दिवशी तिला थांबवावे आणि वडिलांचा पाय आता कसा आहे, एवढे विचारावे. ज्यांना हे मान्य आहे, त्यांनी दिवाळीपूर्वी माझ्या टेबलापाशी येऊन तसे कळवावे. उत्तर तोंडी दिले तरी स्वीकारले जाईल.