शेकलेली बाटली

माझ्या थोरलीला घटसर्प झाला तेव्हा ती नुकती बोबडं सोडून नीट बोलायला लागली होती. कुंभारवाड्याकडच्या आमच्या वाडीत मोटार म्हणून यायचा तो लाकडं वाहणारा ट्रकच. त्या ट्रकानं माझे मालक रामनगरला गेले आणि डॉक्टरांकडून सीरमची बाटली घेऊन आले, गार राहावी म्हणून मडक्यातल्या ओल्या भुशात ठेवून. सकाळी नर्सबाई येऊन सुई देणार होत्या.

सासूला आम्ही आत्ती म्हणायचो. आमच्यात आजाऱ्याला गार काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा कोमट करून. आत्तींनी बाटली हातात घेतली. "अगं बाई, केवढी गार ही! लेकराला बाधंल की!" आणि मायेनं ती चुलीतल्या गरम राखेत शेकत ठेवली.

नर्सबाईंनी बाटली उजेडात धरली. आतलं पाणी पांढुरकं, गढूळ.

"कुणी तापवलं हे?" त्या कडाडल्या.

मालक म्हणाले, "औषध तेच हाय न्हवं? सांडलं तर न्हाई."

बाईंनी टोपलीतलं अंडं घेतलं, चुलीवर उकडलं आणि सोलून मालकांच्या तळहातावर ठेवलं. "ह्यातलंबी काय सांडलं न्हाई. काढा आता पिल्लू!"

मग त्यांनी सांगितलं. सीरम घोड्याच्या रक्तातून काढतात, त्यातल्या प्रथिनाला ठरावीक घडण असते. रोगाचं विष तिच्या खाचेत नेमकं बसतं आणि अडकतं. कढ लागला की घडण उसवते. माल तोच राहतो, पण विष धरता येत नाही. मी थक्क झाले. घोड्याच्या रक्तातली, डोळ्याला न दिसणारी चीज, आणि तिच्या घडणीवर माझ्या पोरीचा जीव!

पोर घरघरत होती. मालक दुसरी बाटली आणायला उठले, तर आत्ती आडव्या आल्या. "मोडलं मी, आणीन मी."

जन्मात ट्रकात न बसलेली बाई! परतल्या तेव्हा मडकं अंगापासून लांब, हात ताठ करून धरलेलं. अंगाची ऊब लागंल म्हणून सगळी वाट तसंच आणलं होतं. हात वाकेनात, मीच चोळून वाकवले. काय बाई होती!

सुई झाली. आत्ती काही आत येईनात. "माझा हात नगो लागाय," म्हणून उंबऱ्याबाहेरच बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी पोरीचा श्वास मोकळा झाला. तिनं डोळे उघडले, ओठ हलवले. मी कान तोंडाशी नेला.

तिनं मला हाक मारलीच नाही. दाराकडं बघून म्हणाली, "आज्जे, मला घे की."