रिकाम्या हाताने वर जायचं नाही

पडदा वर जातो तेव्हा समोर एक चहाची टपरी. मागे डोंगराचा उभा चढ, पुढे संपलेला रस्ता. शेवटची बस इथे वळते, दोनदा खाकरते आणि जीव घेऊन परत पळते. टपरीच्या उजव्या अंगाला विटांचा ढीग, आणि ढिगाशेजारी लोखंडी खुर्चीत, सुजलेले गुडघे पुढे पसरून, साऱ्या गावाची आत्या. आवाज असा, की शेवटच्या रांगेत घोरणारा प्रेक्षकही ताठ बसावा.

बसमधून एक विमावाला उतरतो. इस्त्रीचा शर्ट, एका हातात बॅग.

"वर चाललात?"

"हो, आजी."

"आत्या म्हणा. दुसरा हात कुणासाठी राखून ठेवलाय?"

विमावाला हसतो. आत्या हसत नाही. मिनिटभरात तो एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात वीट घेऊन चढणीला लागलेला असतो. आपण हे का करतोय, हे त्याला पहिल्या वळणापर्यंत कळत नाही, आणि पुढे दम लागल्यामुळे विचारता येत नाही.

गावाने तिचं नाव जकात आत्या ठेवलं होतं. तिला ते आवडायचं. एवढा मान तिला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता.

झालं होतं असं. गाव वर, डोंगरावर. तिथल्या शाळेचं छप्पर एका वादळात खाली बसलं, तेही सुट्टीच्या दिवशी. तेवढी अक्कल त्या छपराने आयुष्यात एकदाच दाखवली. मग दोन भिंतीही त्याच्या सोबतीला गेल्या. सरकारने पैसे मंजूर केले, पण दोन हप्त्यांत. भिंती उभ्या राहिल्या तरच छपराचा हप्ता. नाही राहिल्या तर शाळा बंद, आणि पोरं नदीपलीकडच्या वसतिगृहात.

आत्याची नात सात वर्षांची. तिचे आईबाप कामाला परमुलखात, म्हणून ती आत्याजवळ राहायची आणि रोज तो चढ चढून शाळेत जायची.

"वसतिगृहात हिची वेणी कोण घालणार? शिपाई?" आत्या म्हणाली, आणि बांधकाम समितीत घुसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. बैठकच तिच्या टपरीवर होती, त्यामुळे हाकलताही येईना.

अंदाजपत्रक बनवलं होतं मास्तरांनी. मास्तर म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, शाळेचा मुख्याध्यापक. विटा, सिमेंट, वाळू, पत्रे, गवंड्याची मजुरी, सगळं लिहिलेलं. फक्त रस्ता संपतो तिथून शाळेपर्यंत हा माल जाणार कसा, तेवढं राहिलं होतं.

"विटांना पाय फुटणार होते का रे?" आत्याने विचारलं.

"राहून गेलं, ताई."

"लहानपणी चड्डी घालायचीही राहून जायची तुझी."

खेचरवाल्याला बोलावलं. त्याने भाव सांगितला. एका विटेचं वर जाण्याचं भाडं विटेपेक्षा जास्त. आत्याने कात्री काढली. अध्यक्षांना प्रवेशद्वारावर कमान हवी होती, स्वतःच्या नावाची, ती कापली. अध्यक्ष आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत, त्यामुळे कामाने वेग घेतला. कमानीच्या पैशांत सिमेंट, वाळू आणि पत्र्यांपुरती खेचरं बसली. विटा उरल्या.

"विटा माझ्याकडे," आत्या म्हणाली. "आजपासून रिकाम्या हाताने वर जायचं नाही."

आणि कुणी गेलं नाही. पोस्टमन गेला दोन विटा घेऊन. रुसून माहेरी आलेली बायको आणायला निघालेला नवरा चार घेऊन गेला. आत्या म्हणाली, तेवढंच वजन पडेल तुझ्या शब्दाला. मतं मागायला आलेल्या उमेदवाराला तिने त्याच्या माणसांसकट रांगेत उभं केलं. एक वरात आली, तर नवरी शालूच्या पदरात वीट गुंडाळून चढली आणि सासऱ्याने तिच्याकडे बघून मुकाट्याने दोन उचलल्या.

लबाडीही झाली. काही जण पहिल्या वळणावर, टपरीवरून दिसेनासं झालं की, वीट झुडपात टाकायचे. आत्याने जाहीर केलं, की वळणावर वीट सापडेल त्या दिवशी परतणाऱ्या सगळ्यांना बिनसाखरेचा चहा. मग लोकच एकमेकांवर नजर ठेवू लागले. मास्तर एकदा मागच्या ओहोळातून, काटेकुटे तुडवत गुपचूप वर गेले. संध्याकाळी आत्याने त्यांच्याकडे मागून बघितलं.

"वीट वाचवलीस, विजार घालवलीस."

भिंती खिडक्यांच्या वर आल्या आणि तपासणीचे साहेब आले. टपरीवर बसून त्यांनी कागद चाळले आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"विटांची वाहतूक, खर्च शून्य? हे शक्य नाही."

"का?" आत्या म्हणाली.

"फुकट कोण काम करतं? इथे काहीतरी दडवलंय. असा कागद मी पुढे पाठवला तर दुसरा हप्ता अडकेल."

मास्तरांचा चेहरा पडला. नात दप्तर घेऊन दाराशी उभी होती. आत्याने खुर्ची करकरत साहेबांकडे वळवली. मग तिने दोन विटा उचलून साहेबांच्या मांडीवर ठेवल्या.

"ताई, साहेब आहेत ते!" मास्तर किंचाळले.

"मग? साहेबांना हात नसतात? वर जायचंय ना तपासायला? न्या, आणि भाडं किती झालं ते मला येऊन सांगा."

साहेबांनी सोबत आणलेल्या शिपायाकडे पाहिलं. शिपायाने आधीच एक वीट उचलली होती. त्याला पुढचा चहा गोड हवा होता.

दुपारी साहेब उतरले ते घामाने निथळत, तळवे लालभडक. आत्या म्हणाली, "रंगेहाथ सापडलात की!" साहेबांनी आधी पाण्याचे दोन तांबे संपवले.

"शून्य लिहून चालत नाही हो," ते शेवटी म्हणाले. "वरचे लोक कागद परत पाठवतात. आपण असं लिहू, श्रमदान."

"दान?" आत्या खवळली. "कुणी केलं दान? एकेकाच्या मानगुटीवर बसून वसूल केलंय मी!"

"आत्या," साहेब हात जोडून म्हणाले, "हप्ता हवा की वाद?"

नातीच्या वेणीकडे बघून आत्याने वाद सोडला. आयुष्यातला बहुधा पहिलाच.

छप्पर चढलं. शाळा उघडायच्या दिवशी चौघांनी आत्याला लोखंडी खुर्चीसकट उचललं. पुढे मास्तर, मागे खेचरवाला. तिच्या मांडीवर दोन विटा.

"ताई, निदान त्या तरी ठेव खाली," मास्तर धापा टाकत म्हणाले. "बांधकाम संपलंय!"

"नियम म्हणजे नियम."

वर गवंड्याने विटा बघून हात झटकले. "आत्या, आता एक वीट बसायला जागा नाही कुठे."

आत्या खुर्चीतूनच वर्ग बघत राहिली. कोऱ्या भिंती, नवे पत्रे, गवंड्याने स्वतःच्या उंचीने लावलेला फळा. फळ्याखाली नात टाचा उंचावून उभी होती. हात जेमतेम चौकटीला लागत होता.

आत्याने दोन्ही विटा गवंड्याच्या हातात दिल्या आणि फळ्याखाली बोट दाखवलं. त्याने त्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"चढ गं बाई त्यावर. आणि तू रे मास्तरा, रिकाम्या हाताने काय उभा? खडू आण!"